शाळकरी मुलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप: थोडी पार्श्वभूमी

मिठाचा दाणा, डोक्यावरचा केस, चपलेचा वेल्क्रो, खिडकीत मरून पडलेली माशी, असलं काहीही घेऊन मुलं आज सेमखाली बघतात (सेम म्हणजे एसईएम, स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, लॅबमधे त्याला सगळे सेमच म्हणतात), पण इथवर यायला खूप वर्षं गेली.

पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९३१ चा, बर्लिनमधला. तो आरपार बघणारा होता, सॅम्पल अतिशय पातळ लागायचं, त्यामुळे अख्खी माशी वगैरे विसराच. वस्तूच्या वरून इलेक्ट्रॉनचा किरण फिरवून पृष्ठभाग दाखवणारं मशीन, म्हणजेच सेम, विकत मिळायला लागलं ते १९६५ मधे, केंब्रिजमधून. शाळेला परवडणारी गोष्ट ती नव्हतीच.

खरा बदल १९९९ चा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाने आपलं सेम इंटरनेटवरून शाळांसाठी खुलं केलं, तेही फुकट. त्याच कॅम्पसवर तीन वर्षं आधी अंड्यातल्या पिल्लाचं एमआरआय मुलांना वेबवरून दाखवून झालं होतं, त्यामुळे धीर आलेला. शाळेने किडे पोस्टाने पाठवायचे, लॅबवाले ते स्टबवर (सॅम्पल ठेवायची छोटी धातूची चकती) चिकटवून मशीनमधे ठेवणार, आणि ठरलेल्या वेळी वर्गातली मुलं साध्या ब्राउझरमधून सॅम्पल सरकवणार, फोकस करणार, झूम करणार, सोबत चॅटवर प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ हजर. इतकं महागडं मशीन लहान मुलांच्या हातात द्यायचं हा निर्णय मला आजही फार मोठा वाटतो.

आता 'पट' हा शब्द, म्हणजे वस्तू किती मोठी करून दाखवली तो आकडा, ज्याने सगळा घोळ होतो. फोटोखाली '१००० पट' लिहिलेलं असतं, पण कशाच्या हजार पट? जुन्या सेमवर फोटो पोलरॉइड फिल्मवर काढायचे, ४ बाय ५ इंच, आणि पटीचा आकडा त्या प्रिंटच्या हिशोबाने धरायची पद्धत पडली. ५ इंच म्हणजे १२.७ सेंटीमीटर, म्हणजे १००० पटीला चित्रात मावतो फक्त १२७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंदीचा तुकडा, साधारण एका-दोन केसांच्या जाडीइतका. तोच फोटो मोबाइलवर ६.३५ सेंटीमीटर रुंद दिसला की झाला ५०० पट, आणि शाळेच्या हॉलमधे प्रोजेक्टरने अडीच मीटर रुंद पाडला की जवळपास २०,००० पट! फोटोचा आकार बदलत गेला, खालचा आकडा मात्र तोच छापलेला. पोलरॉइड गेलं, स्क्रीन आले, तरी सवय राहिली, आणि काही मशीनवर फोटोची पट वेगळी नि स्क्रीनची पट वेगळी अशी सोय असते, त्यामुळे दोन शाळांचे आकडे जुळवायला गेलं की भांडणच. माझं म्हणणं, मुलांना पट शिकवूच नका, फोटोतली स्केलची रेघ शिकवा. ती फोटोबरोबर लहान-मोठी होते, म्हणून कुठेही खरीच राहते, आणि पट्टी घेऊन स्वतःच्या केसाची जाडी मोजता येते.

२००५ पासून टेबलावर मावणारी, घरगुती प्लगवर चालणारी मशीनं आली आणि चित्र पुन्हा पालटलं. आधी मीठ, केस, कागद असल्या वीज न वाहणाऱ्या वस्तूंवर सोन्याचा पातळ थर द्यायला लागायचा, नाहीतर इलेक्ट्रॉन साचून चित्र पांढरंफटक पडायचं, त्याला चार्जिंग म्हणतात. या छोट्या मशीनमधे आत मुद्दाम किंचित हवा ठेवतात, तिचे आयन (विद्युतभारित कण) तो साचलेला चार्ज खातात, म्हणून वस्तू कार्बन टेपवर चिकटवली की थेट आत. तरीही ओल्या वस्तूंची अडचण सुटलेली नाही, ताजं पान किंवा फळाची फोड निर्वातात सुकून आक्रसते, म्हणून मुलांना आधी सॅम्पल वाळवायलाच सांगतात. रंगही दिसत नाही, किरण इलेक्ट्रॉनचा आहे, प्रकाशाचा नाही, चित्र करडंच येतं, आणि हिरव्या डोळ्यांची माशी कुठे दिसली तर ते रंग कोणीतरी नंतर कॉम्प्युटरवर भरलेले असतात.