पार्टिशन टेबल बिघडलं तर काय करावं आणि काय करू नये

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असं सुचवलं, किंवा मॅकच्या डिस्क युटिलिटीने पार्टिशन मॅपमध्ये अडचण असल्याचं सांगितलं, तर एक गोष्ट लक्षात घ्या: तुमच्या फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती डिस्कच्या सुरुवातीची काही किलोबाइटची नोंद, म्हणजेच पार्टिशन टेबल किंवा मॅप. कुठलं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) कितव्या सेक्टरला (डिस्कवरच्या ठरावीक मापाच्या छोट्या तुकड्याला) सुरू होतं आणि कितव्या सेक्टरला संपतं, एवढंच तिच्यात असतं. बांधांची नोंद फाटली म्हणून शेत हलत नाही. मात्र अंदाजाने नवे बांध घालून त्यावर नांगर फिरवला, तर मूळ हद्द सापडणं अवघड होतं. डिस्कच्या बाबतीत तो नांगर म्हणजे फॉरमॅट, आणि चुकीच्या हद्दीवर चालवलेली फाइल सिस्टिमची (पार्टिशनमधल्या फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या रचनेची) दुरुस्ती.

आधी ‘कॅन्सल’ दाबा

इनिशियलाइज केलं की डिस्कवर नवं, रिकामं टेबल लिहिलं जातं. फायलींच्या जागेला सहसा धक्का लागत नाही, पण जुन्या टेबलाचे जे अवशेष दुरुस्तीला उपयोगी पडले असते ते पुसले जातात. फॉरमॅट त्याहून वाईट, आणि एसएसडीवर तर फारच. क्विक फॉरमॅट करतानाच सिस्टिम एसएसडीला ट्रिमचा आदेश देते, म्हणजे ‘हे ब्लॉक आता मोकळे’ असं कळवते. त्यानंतर त्या जागी वाचायला गेलं की बहुतेक एसएसडी नुसती शून्यं परत देतात. तिथे कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

फाइल सिस्टिम तपासणारे चेकडिस्क (विंडोज) किंवा एफएसचेक (लिनक्स, मॅक) दुरुस्तीच्या पर्यायासह चालवणं, हीही नेहमीची चूक. हे प्रोग्रॅम पार्टिशनच्या हद्दी बरोबर आहेत असं धरूनच काम करतात. हद्द चुकलेली असेल तर त्यांना चांगली फाइल सिस्टिमही मोडकी दिसते, आणि ते तिला ‘सुधारत’ सुटतात. म्हणून क्रम कधीही बदलू नका: आधी डिस्कची तब्येत, मग प्रत, मग टेबल, आणि सगळ्यात शेवटी फाइल सिस्टिम.

डिस्कवर काय कुठे असतं

टेबल लिहिण्याच्या मुख्य पद्धती दोन. जुनी पद्धत एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड). ती १९८३ पासून चालत आली आहे. शून्य क्रमांकाच्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पहिले ४४६ बाइट बूट कोड आणि डिस्कच्या सहीसाठी (डिस्कची ओळख सांगणाऱ्या आकड्यासाठी), पुढचे ६४ बाइट टेबलासाठी, म्हणजे १६ बाइटच्या फक्त चार नोंदी, आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटची खूण. या टेबलाची दुसरी प्रत कुठेही नसते. सेक्टरचा आकडा ३२ बिटांत मावावा लागतो, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरवर ही पद्धत साधारण २.२ टेराबाइटच्या पुढे पोचत नाही.

नव्या पद्धतीत, म्हणजे जीपीटीमध्ये, सोय चांगली आहे. सेक्टर शून्यात राखण करणारा एमबीआर, सेक्टर १ मध्ये हेडर (टेबलाची माहिती देणारी मथळ्याची नोंद), सेक्टर २ ते ३३ मध्ये १२८ नोंदी. याची राखीव प्रत डिस्कच्या टोकाला असते: अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये हेडर, त्याच्या आधीच्या ३२ सेक्टरमध्ये नोंदी. हेडर आणि नोंदी या दोन्हींचा सीआरसी बेरीजताळा (मजकूर बदलला का हे ओळखायचा आकडा) लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे कुठली प्रत खराब आहे हे प्रोग्रॅमला नेमकं सांगता येतं. १ टेराबाइटच्या नेहमीच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. तिथे राखीव हेडर १,९५,३५,२५,१६७ या सेक्टरवर असायला हवं. दुरुस्तीत हा आकडा वारंवार लागतो, तेव्हा आपल्या डिस्कचा आकडा आधीच लिहून ठेवा.

तब्येत आणि प्रत

स्मार्टसीटीएल किंवा तशाच प्रोग्रॅमने डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) वाचा. चार ओळी पुरेशा आहेत. क्रमांक ५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. या तिन्हींपैकी कुठल्याही ओळीत शून्याहून मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर टेबल हे दुखणं नसून लक्षण आहे. १९९ चा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. सैल केबलमुळे टेबल वाचताच न येणं आणि टेबल खराब असणं, ही दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात.

पूर्ण प्रत काढायला जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. प्रत घ्यायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. पहिली फेरी खराब भाग न खरवडता, लहान ‘एन’ हा पर्याय देऊन करा, म्हणजे जे सहज वाचता येतं ते आधी हाती येतं. मग दुसऱ्या फेरीत खराब भागांवर तीन प्रयत्न करा. दोन्ही फेऱ्यांना एकच मॅपफाइल (कुठलं वाचून झालं याची नोंद) द्या आणि ती तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. मॅपफाइल नसेल तर मधे वीज गेल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि मरणाऱ्या डिस्कला दुसरी पूर्ण फेरी झेपेलच असं नाही. कमांड देण्याआधी मूळ आणि प्रत यांची नावं सिरियल क्रमांकाशी ताडून पाहा. इथे उलटापालट झाली तर परत फिरता येत नाही.

डिस्क धडधाकट असली तरी टेबलाची कच्ची प्रत घ्याच. सुरुवातीचे ३४ सेक्टर, म्हणजे १७,४०८ बाइट, आणि शेवटचे ३३ सेक्टर, म्हणजे १६,८९६ बाइट, डीडी या कमांडने दोन फायलींमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा. जीडिस्क या जीपीटी टेबल दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्येही बॅकअपचा पर्याय आहे, पण तो प्रोग्रॅमला जे समजलं ते साठवतो. टेबल बिघडलेलं असताना डिस्कवर जसंच्या तसं जे आहे तेच हाती असायला हवं.

बिघाड ओळखून दुरुस्ती

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे लहान डिस्क मोठीवर क्लोन करणं. ५०० गीगाबाइटच्या डिस्कची सेक्टरगणिक प्रत १ टेराबाइटवर घेतली की राखीव हेडर ९७,६७,७३,१६७ या सेक्टरवर, म्हणजे नव्या डिस्कच्या मधोमध अडकून राहतं. उरलेली जागा वापरता येत नाही आणि प्रत्येक प्रोग्रॅम कुरकुर करतो. यात तुटलेलं काहीच नसतं. जीडिस्कमध्ये ‘एक्स’ने तज्ज्ञ मेनूत जा, ‘ई’ने राखीव प्रत टोकाला हलवा, ‘व्ही’ने तपासा, ‘डब्ल्यू’ने लिहा.

मुख्य टेबल खराब पण राखीव चांगलं असेल, तर जीडिस्क सुरू होतानाच तसं सांगतं आणि बहुधा राखीव प्रतीवरून मुख्य टेबल स्मरणात उभं करतं. ‘पी’ दाबून यादी पाहा. पार्टिशनांची संख्या आणि आकार ओळखीचे वाटले तर ‘व्ही’, मग ‘डब्ल्यू’. आपोआप झालं नाही तर ‘आर’ने रिकव्हरी मेनू उघडा. तिथे ‘बी’ राखीव हेडर घेतं आणि ‘सी’ राखीव नोंदी घेतं. कधीकधी जीडिस्क सुरुवातीलाच विचारतं की एमबीआर वापरू, जीपीटी वापरू की कोरं जीपीटी करू. डिस्क मुळात जीपीटी असेल तर उत्तर दोन. तिसरा पर्याय घेतला तर स्मरणात रिकामं टेबल येतं, पण लिहीपर्यंत डिस्कवर काही बदलत नाही. शंका आली की ‘क्यू’ दाबून बाहेर पडा. डब्ल्यू दाबेपर्यंत काहीही परत फिरवता येतं, ही या प्रोग्रॅमची मोठी सोय आहे.

दोन्ही प्रतींचे बेरीजताळे जुळतात, पण आतल्या नोंदी वेगळ्या, असंही होतं. अशा वेळी कुठल्या प्रतीवर विश्वास ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका, त्या त्या सुरुवातीच्या सेक्टरमध्ये डोकावून पाहा. हेक्स व्ह्यूअरमध्ये (डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरचे पहिले तीन बाइट सोडले की लगेच ‘एनटीएफएस’ ही अक्षरं दिसतात, एक्सफॅटमध्ये तिथेच ‘एक्सफॅट’. लिनक्सच्या एक्सटी४ मध्ये १,०८० बाइट सोडून ५३ ईएफ, आणि मॅकच्या एपीएफएसमध्ये ३२ बाइट सोडून ‘एनएक्सएसबी’. ज्या नोंदीने दाखवलेल्या जागी ही खूण सापडते ती नोंद खरी. आजकालची पार्टिशनं सहसा २,०४८ च्या पटीतल्या सेक्टरवर सुरू होतात, तेही ताडून पाहा.

यूएसबी केसमधून काढलेली डिस्क हा वेगळाच गुंता आहे. काही केस आतल्या ५१२ बाइटच्या सेक्टरांना ४,०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. तिथे केलेल्या टेबलात २५६ हा सुरुवातीचा आकडा म्हणजे बरोबर १ मेबीबाइट. तीच डिस्क थेट साटा केबलला लावली की २५६ चा अर्थ १२८ किबीबाइट होतो, आणि जीपीटीचं हेडर सेक्टर १ ऐवजी सेक्टर ८ वर सापडतं. टेबल लिहिलेलं बरोबरच असतं, मोजायची काठी बदललेली असते. डिस्क पुन्हा त्याच केसमध्ये घाला आणि फायली काढून घ्या. केस मेली असेल तर सुरुवात आणि लांबी या दोन्ही आकड्यांना ८ ने गुणून प्रतीवर नवं टेबल लिहिता येतं. काही केस डेटा स्वतःच एन्क्रिप्टही करतात. तशा डिस्कवर बाहेरून नुसता गोंधळ दिसतो आणि तिथे ती केसच लागते.

दोन्ही प्रती गेल्या, किंवा एमबीआरच पुसला गेला, तर टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम वापरा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट सिस्टिम चालते अशा) मशीन चालू करा आणि टेस्टडिस्कला शक्यतो मूळ डिस्कऐवजी काढलेली प्रत द्या. पहिल्याच पडद्यावर डिस्कचा आकार बरोबर दिसतोय ना ते बघा. तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. मग टेबलाचा प्रकार, ॲनालाइज, क्विक सर्च. सापडलेल्या प्रत्येक पार्टिशनवर ‘पी’ दाबून फायलींची यादी उघडा. तुमचे अलीकडचे फोल्डर दिसले तर ते पार्टिशन खरं. नाव दिसतं पण यादी उघडत नाही, तर बहुधा जुन्या पार्टिशनचं भूत किंवा चुकलेली हद्द. बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद केलेलं पार्टिशन मात्र याला अपवाद, तिथे यादी उघडणारच नाही. विंडोजच्या १६ मेगाबाइटच्या रिझर्व्ह्ड पार्टिशनमध्ये फाइल सिस्टिमच नसते, त्यामुळे तेवढी पोकळी दिसली तर घाबरू नका. डीपर सर्चमध्ये डिस्कच्या मागच्या जन्मातली पार्टिशनंही वर येतात आणि एकमेकांवर चढतात. ‘राइट’ दाबण्याआधी पूर्ण यादीचा फोटो काढून ठेवा.

विंडोजवर क्लोन आणि मूळ डिस्क एकाच वेळी जोडली की त्यातली एक ‘ऑफलाइन’ दिसते. हा बिघाड नाही, दोन्हींची सही एकच असल्याचा परिणाम आहे. ‘ऑनलाइन’ केलं की विंडोज त्या डिस्कला नवी सही देतं, आणि मग त्या डिस्कवरून मशीन चालू न होण्याची शक्यता असते. तिच्यावरून बूट करायचं असेल तर मूळ डिस्क काढून ठेवा.

मॅक वापरणाऱ्यांसाठी

डिस्क युटिलिटीच्या ‘व्ह्यू’ मेनूत सगळी डिव्हाइस दाखवायचा पर्याय निवडा. त्याशिवाय फक्त व्हॉल्यूम दिसतात, आणि व्हॉल्यूमवर चालवलेलं फर्स्ट एड पार्टिशन मॅपला हातही लावत नाही. सगळ्यात वरची ओळ निवडून फर्स्ट एड चालवा. टर्मिनलमध्ये आधी ‘डिस्कयुटिल व्हेरिफायडिस्क’, मग गरज असेल तरच ‘रिपेअरडिस्क’. दुसरी कमांड विचारते की पहिलं पार्टिशन पुसलं जाऊ शकतं, पुढे जाऊ का. हे वाचून बहुतेकांचा हात थबकतो, आणि थबकायलाच हवा. बहुधा तो उल्लेख साधारण २०९.७ मेगाबाइटच्या ईएफआय (मशीन सुरू करायच्या फायलींच्या) पार्टिशनचा असतो, तुमच्या फायलींचा नव्हे. तरीही ‘डिस्कयुटिल लिस्ट’ चालवून पहिलं पार्टिशन ईएफआयच आहे याची खात्री करा. त्यात लिनक्सचा किंवा विंडोजचा बूटलोडर असेल तर त्या फायली आधी बाजूला काढा. ॲपल सिलिकॉनच्या मशीनमधल्या आतल्या डिस्कचं टेबल हाताने कधीही बदलू नका. तिथे आणखी पार्टिशनं असतात आणि ती गेली की मशीन दुसऱ्या मॅकला जोडून पूर्ण रिस्टोर करावं लागू शकतं.

टेबल लिहिल्यानंतर

मशीन रीस्टार्ट करा, कारण चालू सिस्टिम जुनंच टेबल धरून बसलेली असू शकते. पार्टिशन आधी फक्त वाचण्यासाठी माउंट करा. दहा-बारा फायली उघडून पाहा, त्यांत मोठे व्हिडिओ आणि अलीकडची कागदपत्रं असू द्या. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. मग चेकडिस्क कुठलाही पर्याय न देता, किंवा एफएसचेक ‘एन’ देऊन चालवा. या स्थितीत ते फक्त अहवाल देतात. अहवालात हजारो चुका आल्या तर दुरुस्ती करू नका, हद्द पुन्हा तपासा. फायली उघडतात पण विंडोज सुरू होत नाही, असं झालं तर ईएफआय पार्टिशनचा प्रकार साधा डेटा म्हणून तर लिहिला गेला नाही ना, हे बघा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, ती मधेच नाहीशी होत असेल, किंवा तिचा आकार शून्य किंवा भलताच दिसत असेल, तर वरचं काहीही करू नका. वीज काढा. रेडमधली (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या संचातली) एकच डिस्क बाहेर काढून दुरुस्त करू पाहणंही टाळा. तिच्यावर बहुधा पूर्ण नकाशा नसतो.

डिस्क आमच्याकडे आणताना मूळ यूएसबी केस आणि केबल सोबत आणा. बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा, ती नसेल तर टेबल दुरुस्त होऊनही आतलं उघडणार नाही. आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते क्रमाने एका कागदावर लिहा, ‘चुकून फॉरमॅट दाबलं’ हेही. कुठे हात लावायचा नाही, हे आम्हाला त्यावरूनच कळतं.