नाण्याचा कस आणि रोमची गादी

इ.स.पू. ८५ साली रोममध्ये प्रेटर, म्हणजे न्यायदान पाहणारे वरिष्ठ अधिकारी, आणि लोकांनी निवडलेले ट्रिब्यून एकत्र बसले. विषय होता बाजारातल्या नाण्यांचा. रोमचा नामांकित वकील आणि वक्ता सिसेरो सांगतो की त्या काळात नाण्यांची किंमत इतकी वरखाली होत होती की आपल्याजवळ नेमके किती पैसे आहेत हे कुणालाच कळेनासं झालं होतं. बैठकीत सर्वांनी मिळून हुकमाचा मसुदा केला, मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र व्यासपीठावर जाऊन तो जाहीर करायचा असं ठरलं. मंडळी पांगली. त्यातला मारियस ग्रातिदियानस मात्र घरी न जाता थेट व्यासपीठावर गेला आणि सगळ्यांचा हुकूम एकट्याच्या नावावर जाहीर करून मोकळा झाला.

लोकांना त्यातलं राजकारण ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्यांना फरक पडला नसता. गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले, त्यांच्यापुढे धूप आणि मेणबत्त्या लागल्या. या लोकप्रियतेची किंमत त्याने तीन वर्षांनी मोजली. सेनापती सुला फौजेसह रोममध्ये शिरला आणि विरोधकांच्या कत्तली सुरू झाल्या, तेव्हा ग्रातिदियानसला हाल हाल करून मारण्यात आलं. त्याचं मुंडकं हातात घेऊन शहरातून फिरणारा माणूस कॅटिलिना होता, असा आरोप पुढे सिसेरोनेच केला. वीस वर्षांनंतर बंडाचा कट रचणारा कॅटिलिना तो हाच.

नाण्यांबद्दलच्या एका हुकमासाठी लोक माणसाला देव का करतील, हे इतिहासकारांना फार काळ नीट उलगडत नव्हतं. खोटी नाणी फार झाली असतील, किंवा चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्यांचा आपसातला दर बिघडला असेल, असे तर्क होते. उत्तर मिळालं ते ड्रिलच्या टोकाला आलेल्या चिमूटभर धातूतून.

जुन्या नाण्यात चांदी किती हे शोधायची सोपी पद्धत म्हणजे त्याच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि परत येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखायचे. नाण्याला ओरखडाही पडत नाही, त्यामुळे संग्रहालयं खूश असतात. पण हे किरण आत फार खोल पोचत नाहीत, आणि रोमन टांकसाळीची लबाडी नेमकी वरच्या थरात होती. तांबं मिसळलेली चकती तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड होतं. ते आम्लात बुडवून काढून टाकलं की वर जवळपास निव्वळ चांदीची साय उरते, आणि मग त्यावर ठसा मारायचा. नंतर नाणं शतकानुशतकं जमिनीत पडून राहिलं की मातीतला ओलावा उरलंसुरलं तांबंही बाहेर खेचतो. वरवर तपासणाऱ्याची दोनदा फसगत होते.

वॉरिक विद्यापीठाचे केव्हिन बुचर आणि लिव्हरपूलचे मॅथ्यू पॉन्टिंग यांनी म्हणून नाण्याच्या कडेला अतिशय बारीक भोक पाडायचं ठरवलं. वरचा कीस फेकून द्यायचा आणि गाभ्यातला धातू तपासायचा. संग्रहालयांना त्यासाठी राजी करणं हेही एक काम असणार! २०२२ साली त्यांनी जाहीर केलं की इ.स.पू. ९० पर्यंत रोमचं देनारियस हे चांदीचं नाणं जवळपास शुद्ध होतं. मग ते ९५ टक्क्यांच्या खाली आलं, थोड्याच काळात ९० च्या आसपास घसरलं, आणि काही नाणी तर ८६ टक्क्यांवर उतरली. सिसेरोची तक्रार म्हणजे वकिली अलंकार नव्हता. नाणं खरोखरच हीणकस झालं होतं.

इ.स.पू. ९० हे साल आकाशातून पडलेलं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीतली रोमची मित्रराज्यं उठली होती. रोमच्या युद्धांत त्यांची पोरं मरत होती, पण नागरिकत्व मात्र मिळत नव्हतं. त्यांनी कोर्फिनियम या गावाला राजधानी केलं आणि स्वतःची नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी भोसकतो आहे. अखेर रोमला मागण्या मान्य कराव्या लागल्या, पण तोवर दोन-तीन वर्षं दोन्हीकडच्या फौजा पोसाव्या लागल्या. रोमच्या तिजोरीचा खडखडाट त्या नाण्यांच्या गाभ्यात आजही मोजता येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोमच्या सत्तेची भांडणं वाचताना भाषणांइतकाच नाण्यांचा कसही वाचावा. भाषणं नंतर लिहिली गेली, बहुतेक जिंकणाऱ्यांनी. नाणं त्याच वर्षी, घाईत, सैनिकाच्या हातावर ठेवायला पाडलेलं असतं.

मार्क अँटनीचं उदाहरण घ्या. इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या लढाईत ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसने, त्याला हरवलं. त्याआधी त्याने सैन्यासाठी अफाट नाणी पाडली होती. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला पलटणीचा क्रमांक आणि निशाणं. त्याने चांदीत लोखंड मिसळलं, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. प्रयोगशाळेत सापडलं ते तांबं. पण भेसळीमुळेच ही नाणी दीर्घायुषी ठरली. चांगली नाणी लोक साठवून ठेवत किंवा वितळवत, आणि अँटनीची नाणी पुढे सरकवत. हरलेल्या सेनापतीचा पैसा त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांहून जास्त काळ, पार गुळगुळीत होईपर्यंत, हातोहात फिरत राहिला.

बंडखोरांपुढे अडचण वेगळी असे. खाणी आणि टांकसाळी सरकारच्या ताब्यात, मग धातू आणायचा कुठून? १३२ ते १३५ या वर्षांत ज्यूडियात, म्हणजे जेरुसलेमच्या ज्यू मुलखात, शिमोन बार कोखबाने सम्राट हेड्रियनविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्याच्या माणसांनी रोमन नाण्यांवरच आपले ठसे मारले. हिब्रू अक्षरं, द्राक्षाचा घोस, ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ हा मजकूर, आणि नीट निरखलं तर खाली कुठेतरी रोमन सम्राटाचं नाक किंवा त्याच्या नावातली दोन अक्षरं. आपल्याकडे हेच थोडं वेगळ्या कारणासाठी घडलं, आणि तेही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातच. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोनतृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला आहे. तिथे बंडखोर नव्हता, विजेता होता. पण हरलेल्याचा चेहरा पुसून त्याचीच चांदी वापरायची ही रीत तीच.

रोमच्या गादीचा भाव उघडपणे पुकारला गेला तो १९३ साली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राजधानीतल्या प्रिटोरियन शिपायांनी, म्हणजे सम्राटाच्याच रक्षक दलाने, सम्राट पर्टिनॅक्सला ठार केलं. गादीवर बसून त्याला तीन महिनेही झाले नव्हते. मग त्यांनी छावणीच्या भिंतीपाशी चक्क लिलाव मांडला. आतून एक उमेदवार बोली लावत होता, बाहेरून दिदियस ज्युलियानस. बोली शिपायामागे २० हजार सेस्टर्सपर्यंत चढली तेव्हा ज्युलियानसने एकदम पाच हजार वाढवले, आणि बोटांनी आकडा दाखवत ओरडून सांगितलं. २५ हजार सेस्टर्स म्हणजे ६,२५० देनारियस. साध्या पलटणीतल्या सैनिकाचा तेव्हाचा पगार वर्षाला ३०० देनारियस होता. वीस वर्षांची कमाई एका दिवसात! दोनेक महिन्यांत ज्युलियानसही मारला गेला आणि डॅन्यूबकडच्या फौजांचा सेनापती सेप्टिमियस सेव्हरस सम्राट झाला.

सेव्हरसने सैनिकांचा पगार वाढवला आणि देनारियसमधली चांदी जवळपास निम्म्यावर आणली. या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहायला हव्यात. २११ मध्ये यॉर्कला मरताना त्याने मुलांना सांगितलं म्हणे, एकमेकांशी गोडीने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकी कुणाची फिकीर करू नका. त्याच वर्षी डिसेंबरात थोरल्या कॅराकॅलाने धाकट्या गेटाचा खून करवला. तीनांतला दुसरा सल्ला तेवढा त्याने पाळला, आणि त्यासाठी २१५ मध्ये नवं नाणं काढलं. दोन देनारियसच्या किमतीचं मानलं जाणारं, वजनाने मात्र दीडपट.

त्यापुढचं सगळं उतारावरून घरंगळल्यासारखं आहे. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले, एकट्या २३८ मध्ये सहा, आणि बहुतेकांना त्यांच्याच सैनिकांनी मारलं. नव्या सम्राटाने सैन्याला बक्षीस द्यायचं, त्यासाठी नाण्यात तांबं वाढवायचं, मग दुसऱ्या सरहद्दीवरच्या फौजेने आपला सेनापती सम्राट म्हणून उभा करायचा. २७० च्या सुमारास नाण्यात चांदी दोन-तीन टक्के उरली होती. वर नुसता पातळ मुलामा, तोही चार हातांतून गेला की उडायचा.

आणि मग टांकसाळीनेच बंड केलं. २७१ च्या सुमारास सम्राट ऑरेलियनने रोमच्या टांकसाळीतला गैरकारभार खणायला घेतला. ठरलेल्यापेक्षाही कमी चांदी घालून उरलेली खिशात घालायचा धंदा तिथे चालला होता. शिक्षेच्या भीतीने कामगार खजिन्याचा अधिकारी फेलिसिसिमस याच्या नावाखाली उठले आणि सीलियन टेकडीवर सैन्याशी लढाई झाली. सात हजार सैनिक पडले, असं रोमन इतिहासकार ऑरेलियस व्हिक्टर लिहितो. भट्टीवाले आणि ठसे मारणारे लोक सात हजार सैनिक मारतात हे पटत नाही. ऑरेलियनने त्या सुमारास काही सिनेटरांनाही देहदंड दिला होता. त्यामुळे कामगारांच्या मागे बडी मंडळी होती आणि टांकसाळ हे निमित्त होतं, असं मानणारे बरेच आहेत, आणि मलाही तेच पटतं.

पण सगळा दोष लोभी सम्राट आणि लबाड कारागिरांवर टाकायचा मोह आवरायला हवा. ग्रीनलंडच्या बर्फात दरवर्षीचा एकेक थर साचतो, आणि त्या थरात त्या वर्षीच्या हवेतली धूळ अडकते. रोमची चांदी मुख्यतः शिशाच्या खनिजातून निघायची. ते वितळवताना शिशाचे कण हवेत उडायचे आणि वाऱ्याबरोबर स्पेनपासून उत्तरेपर्यंत जायचे. २०१८ मध्ये जोसेफ मॅकॉनेल आणि सहकाऱ्यांनी इ.स.पू. ११०० ते इ.स. ८०० या काळातल्या थरांमधलं शिसं मोजलं. सम्राटांच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकातल्या यादवीत ते खाली जातं, ऑगस्टसनंतरच्या शांततेत वर चढतं, आणि १६५ च्या सुमारास साम्राज्यात मोठी साथ आली तेव्हा कोसळतं. त्यानंतर पाचशे वर्षं ते आधीच्या पातळीवर परत येत नाही. सेव्हरसच्या हाती निम्मी चांदी होती ती काही अंशी म्हणून, की खाणीतून येणारा ओघच आटला होता. पगार मागणारे हात मात्र वाढले होते.

याच गोंधळात एक उलटा माणूस भेटतो. कराउसियस हा आरमाराचा अधिकारी २८६ मध्ये बंड करून ब्रिटनचा सम्राट बनून बसला, आणि त्याने जवळपास शुद्ध चांदीची नाणी काढली. खऱ्या सम्राटांना जे जमत नव्हतं ते बंडखोराने करून दाखवलं, ही जाहिरात फार हुशारीची होती. ती सर्वांपर्यंत पोचली असेल असं मात्र नाही. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोम गावाजवळ एकाच रांजणात ५२,५०३ रोमन नाणी सापडली, एकूण वजन १६० किलो. कराउसियसची शेकडो नाणी त्यात आहेत, पण चांदीची फक्त पाच. २९३ मध्ये त्याचा खून त्याच्याच अर्थखात्याच्या अधिकाऱ्याने केला.

आता एक विचित्र गोष्ट. नाणं भेसळलं, महागाई भडकली आणि रोम बुडालं, ही कथा सोन्यात पैसे गुंतवा म्हणणाऱ्यांना फार आवडते. इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकलेल्या पपायरसवर गहू, दारू, गाढवं आणि मजुरीचे दर लिहिलेले आहेत, आणि ते तसं सांगत नाहीत. १६५ च्या साथीनंतर भाव दुपटीच्या आसपास गेले आणि मग शंभरेक वर्षं बरेचसे स्थिर राहिले. नेमकी ही तीच वर्षं, जेव्हा चांदी नाहीशी होत होती. भाव उसळले, जवळजवळ दसपट, ते २७४ नंतर, म्हणजे ऑरेलियनने नाणं सुधारल्यावर! त्याच्या नव्या नाण्यावर वीस आणि एक हे रोमन आकडे आहेत: वीस भाग तांबं, एक भाग चांदी. तोवर लोक नाणं सरकारी ठशावर चालवत होते. सरकारने स्वतःच कसाचा आकडा छापला आणि जुनं नाणं वेगळं पाडलं, त्यामुळे तो भरवसा मोडला, असं काही अभ्यासक मानतात. सम्राट डायोक्लिशनने ३०१ मध्ये हजारावर वस्तूंचे कमाल दर दगडावर कोरवले आणि मोडणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. माल बाजारातून गायब झाला, असं त्याचा शत्रू, ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस सांगतो.

सैनिकांनी मात्र आपला हिशेब बदलला होता. ३६० मध्ये पॅरिसला फौजेने आपला सेनापती ज्युलियनला ढालीवर उचलून सम्राट म्हणून घोषित केलं. मुकुट नव्हता म्हणून एका निशाणवाल्याच्या गळ्यातली हसळी त्याच्या डोक्यावर चढवली. त्याने प्रत्येकाला कबूल केलं ते बक्षीस होतं सोन्याची पाच नाणी आणि एक रोमन पौंड, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅम, चांदी.