दोन दात कमी असलेलं अस्वल

मोह फुलला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास दिसते: पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसावर अस्वलाचा हल्ला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, बुलढाण्यातला ज्ञानगंगेचा परिसर. गावाचं नाव तेवढं बदलतं. जखमा बहुधा डोक्याला आणि चेहऱ्याला असतात. बातमी वाचून जी चर्चा होते, तिच्यात तीन गोष्टी ठरलेल्या. अस्वल गुदगुल्या करून माणसाचा जीव घेतं. मेलेल्या माणसाला ते शिवत नाही. आणि मोहाची फुलं खाऊन झिंगल्यामुळे ते अंगावर येतं.

तिसरी गोष्ट लगेच निकालात काढता येते. ताज्या मोहफुलात दारू नसते, साखर असते, आणि भरपूर असते. फुलं भिजवून, आंबवून, मग ऊर्ध्वपातन करून माणूस त्याची दारू काढतो. अस्वल पहाटे झाडाखाली येतं ते त्या साखरेसाठी, आणि माणूसही त्याच झाडाखाली, त्याच वेळी, त्याच फुलांसाठी येतो. ‘झिंगलेलं अस्वल’ म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींवर विश्वास ठेवू नये. बाकीच्या दोन गोष्टींसाठी मात्र आधी या प्राण्याचं तोंड समजून घ्यावं लागेल.

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत. त्यांतल्या चार भारतात आढळतात, पण महाराष्ट्रात एकच: काळं, झिपरं, छातीवर पांढुरका इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘यू’ असलेलं आपलं अस्वल, शास्त्रीय नाव मेलुर्सस अर्सिनस. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला, मध्य प्रदेशातल्या सियोनीच्या जंगलातला बाळू तपकिरी आहे आणि कंदमुळं, कवचफळं, मध यांवर जगतो. प्रत्यक्षात तपकिरी अस्वल भारतात फक्त हिमालयात राहतं. सियोनी नागपूरपासून फार लांब नाही, आणि तिथलं खरं अस्वल हे आपलंच काळं अस्वल. मध त्यालाही आवडतो, पण त्याचं शरीर घडलंय ते वाळवी खाण्यासाठी.

इतर अस्वलांना ४२ दात असतात, याला ४०. वरच्या जबड्यातले अगदी मधले दोन पटाशीचे दात त्याला नसतात, त्यामुळे समोर एक खिंड राहते. टाळू लांब, रुंद आणि आतून खोलगट. ओठ लांब, जवळजवळ बिनकेसांचे आणि इतके लवचीक की पुढे काढून त्यांची नळी करता येते. नाकपुड्या मनात येईल तेव्हा बंद करता येतात. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये या प्राण्याचं वर्णन केलं तेव्हा लांब नख्या आणि समोरचे नसलेले दात पाहून त्याने त्याला चक्क दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या, म्हणजे फांद्यांना उलटं लटकून राहणाऱ्या संथ प्राण्याच्या, गटात घातलं. चूक पुढे दुरुस्त झाली, पण त्या दातांच्या खिंडीने एका जाणकाराला चकवलं होतं एवढं खरं.

आता अस्वल वारुळापाशी काय करतं ते क्रमाने पाहू. पुढच्या पंजाच्या नख्या आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत लांब असतात आणि मांजरासारख्या आत ओढता येत नाहीत. त्यांनी ते वारुळाची भिंत फोडतं. मग थुतरी भोकाला लावून जोरात फुंकतं. धूळ, माती उडते. मग ओठांची नळी भोकावर बसवून, नाकपुड्या मिटून, हवा आत खेचतं. पुन्हा फुंकर, पुन्हा झुरका. फुंकर आणि झुरक्याचा हा क्रम मला या प्राण्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते, आणि त्यामागचं भौतिकशास्त्र शाळेतल्या गणितानेही उलगडतं.

हवेतून खाली पडणारी वस्तू काही वेळाने एका ठरावीक वेगावर स्थिरावते. तिचं वजन आणि हवेचा विरोध तिथे सारखे होतात. हा तिचा अंतिम वेग. आता हेच उलटं करा: वस्तू जागेवर आहे आणि हवा खालून वर वाहते आहे. हवेचा वेग त्या अंतिम वेगापेक्षा वाढला की वस्तू उचलली जाते. कामकरी वाळवी चार मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर जाड आणि तीनेक मिलिग्रॅम वजनाची धरून ढोबळ हिशेब मांडला, तर तिच्यासाठी हा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास येतो. तीन मिलिमीटरच्या मातीच्या खड्याला सेकंदाला बाराएक मीटर लागतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या धुळीच्या कणाला मात्र वीस सेंटिमीटरही पुरतात. फरक येतो तो वजन आणि पृष्ठभाग यांच्या प्रमाणामुळे: वस्तू लहान होत जाते तसं वजन घनाच्या पटीत घटतं, पृष्ठभाग वर्गाच्याच पटीत. म्हणजे झुरक्याला वाळवीइतका जोर दिला तर मोठे खडे मागे राहतील, पण धूळ वाळवीच्या आधी तोंडात येईल. म्हणून आधी फुंकर. धूळ उडून जाते, बोगद्यांच्या आत पायांनी घट्ट धरून बसलेली वाळवी राहते, आणि मग झुरका.

दुसरा मुद्दा याहून मजेदार आहे आणि तो घरी तपासता येतो. मेणबत्ती पेटवून हातभर अंतरावरून फुंका, ती विझते. तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून ती विझवायचा प्रयत्न करा. ज्योत हलतही नाही. फुंकलेली हवा झोत बनून एका दिशेने लांबवर जाते. ओढलेली हवा तोंडाच्या चारी बाजूंनी थोडी थोडी येते, त्यामुळे तोंडापासून अंतर दुप्पट केलं की तिचा वेग एक चतुर्थांशावर येतो. हवेने ओढून अन्न खाणाऱ्या कुठल्याही प्राण्यापुढे ही अडचण उभी राहते. अस्वलाच्या लांब ओठांनी ती सोडवली आहे. ओठ भोकावर घट्ट बसले की हवेला बाजूने यायला वाटच उरत नाही. ती वारुळाच्या बोगद्यातूनच यावी लागते, आणि बंद बोगद्यात वेग तसा घटत नाही. खोल बसलेली वाळवीही त्या ओढीत सापडते. नाकपुड्या मिटल्यामुळे धूळ नाकात जात नाही आणि नाकावाटे हवा येऊन झुरक्याचा जोरही फुकट जात नाही. आणि समोर दोन दात असते तर ते नेमके या प्रवाहाच्या वाटेत आडवे आले असते.

एवढं करूनही थोडी माती पोटात जातेच. रानात अस्वलाची विष्ठा पाहिली तर वाळवीच्या दिवसांत ती मातकट असते आणि तिच्यात सैनिक वाळव्यांच्या डोक्यांची न पचलेली कवचं चमकत असतात. फळांच्या दिवसांत त्याच जागी बोराच्या आठळ्या, जांभळाच्या, बहाव्याच्या बिया दिसतात. संशोधक याच ऐवजावरून अस्वलाचा आहार ठरवतात. वाळवीच्या एका दाण्यात ऊर्जा ती किती! नराचं वजन सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जाऊ शकतं. एवढं शरीर अशा खाण्यावर पोसायचं तर खर्च कमी ठेवावा लागतो, आणि निवांत असताना या अस्वलाचा ऊर्जाखर्च त्याच्या वजनाच्या मानाने खरोखरच कमी भरतो. मुंग्या-वाळवी खाणाऱ्या इतर अनेक सस्तन प्राण्यांतही हेच आढळतं.

आता हल्ल्याकडे येऊ. फुंकर-झुरक्याचा आवाज शंभर मीटरच्याही पलीकडे ऐकू जातो. म्हणजे अस्वल खात असताना त्याच्या कानाशी केवढा गोंगाट चालू असेल! डोकं भोकात, नाकपुड्या मिटलेल्या, दूरचं नीट दिसत नाही, आणि तुम्ही अनवाणी, न बोलता, वाऱ्याच्या उलट दिशेने चालत येताय. दहा-बारा पावलांवर आल्यावर त्याला अचानक तुमचा पत्ता लागतो. अशा वेळी उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल बहुधा पळ काढतं किंवा झाडावर चढतं. आपलं अस्वल झाडावर चढतं ते मधासाठी आणि फळांसाठी, जीव वाचवायला नाही. त्याच्या रानात बिबट्याही आहे, जो झाडावर सहज चढतो, आणि वाघ आहे, जो अस्वलं मारून खातो. शिवाय कित्येक ठिकाणी झुडपांचं उघडं माळरान, लपायला जागा नाही. लाखो वर्षं वाघाच्या शेजारी राहिलेल्या या प्राण्याने एकच उत्तर पक्कं केलं: शत्रू जवळ दिसला की आधी आपण तुटून पडायचं. २०१८ मध्ये ताडोबात एका मादीने पिल्लासाठी वाघाशी झुंज घेतली, त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. माणूस समोर आला तरी अस्वल तेच करतं. आपल्याला खायला ते येत नाही. आपल्यापासून धोका आहे असं त्याला वाटतं म्हणून येतं.

पंजा चेहऱ्यावर बसतो, कारण जवळून लढताना अस्वल अनेकदा मागच्या पायांवर उभं राहतं. वारूळ फोडायच्या त्या नख्या माणसाच्या कातडीवर काय करतात हे सांगायला नको. ‘अस्वलाच्या गुदगुल्या’ आपण म्हणतो खऱ्या, पण जखमी माणूस अंगावर शहारे आणणाऱ्या ओरखड्यांनी आणि रक्तस्रावाने तळमळत असतो. त्यात गुदगुल्यांचा काही संबंध नाही.

आपल्या पुराणकथांमध्ये हे वागणं अचूक उतरलंय याचं मला फार अप्रूप वाटतं. भागवतात स्यमंतक मण्याची गोष्ट आहे. मण्याच्या शोधात कृष्ण जांबवंताच्या गुहेत शिरतो. आत जांबवंताचं मूल तो मणी घेऊन खेळत असतं, आणि दाई अनोळखी माणसाला पाहून किंचाळते. जांबवंत धावून येतो आणि २८ दिवस झुंज चालते. अस्वल कधी सर्वांत त्वेषाने लढतं? गुहेत, पिल्लू जवळ असताना. आपल्याकडे पिल्लं साधारण हिवाळ्यात गुहेत किंवा बिळात जन्मतात, बहुधा एक किंवा दोन. बाहेर पडल्यावर कित्येक महिने ती आईच्या पाठीवर, खांद्यांवरच्या दाट केसांना धरून बसतात. पिल्लांना असं पाठीवर घेऊन नियमाने फिरणारी अस्वलाची दुसरी जात नाही. त्यामागेही वाघ-बिबट्यांचीच भीती असावी असं अभ्यासक मानतात. रानातल्या गुहांच्या तोंडाशी डोकवायचा मोह कुणाला होत असेल तर त्याने जांबवंत आठवावा.

त्याच केसांचा आपण मात्र काय उपयोग केला? दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा तेव्हा त्याचा एक केस उपटून मुलाच्या गळ्यातल्या ताइतात घालायची पद्धत होती. मूल दचकू नये, नजर लागू नये म्हणून. केस म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. त्याने कुणाची भीती गेलेली नाही. पण त्या केसासाठी आणि नाचासाठी पिल्लं आईला मारून पळवली जायची, सुळे पाडले जायचे आणि तापलेल्या सळईने थुतरीला भोक पाडून त्यात दोरी ओवली जायची. ज्या ओठांनी, ज्या नाकपुड्यांनी तो प्राणी जगायचा, नेमकी तीच जागा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेकायदा ठरवलं तरी प्रथा जवळजवळ संपायला २००९ साल उजाडावं लागलं. संस्थांनी सहाशेहून अधिक अस्वलं सोडवली आणि दरवेश्यांच्या कुटुंबांना दुसरे धंदे सुरू करून दिले. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणूनच हे काम तडीस गेलं. आजही कुणी अस्वलाचा केस किंवा नख विकायला आणलं तर तो गुन्हा आहे. घेणाराही त्यात येतो.

राहिली दोन मित्रांची गोष्ट. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचं सोंग घेतो आणि अस्वल त्याला हुंगून निघून जातं. अस्वल मेलेलं काही खात नाही हे त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे. आपलं अस्वल संधी मिळाली तर मेलेल्या जनावराचं मांसही खातं. तरीही निपचित पडून राहण्यात तथ्य आहे, फक्त कारण वेगळं: हलणारा, ओरडणारा, झटापट करणारा शत्रू थंड झाला की अस्वलाच्या लेखी धोका संपतो. गोष्टीतला माणूस उताणा पडत असेल तर तेवढं मात्र मुलांना सांगताना बदला, कारण चेहरा आणि डोळे उघडे राहतात.

जंगलाशेजारच्या गावांत काम करणारे अभ्यासक सांगतात ते असं. मोहाला, तेंदूपानाला एकट्याने जायचं नाही. उजाडल्याशिवाय निघायचं नाही. चालताना मोठ्याने बोलत राहायचं, काठी आपटायची, म्हणजे वारुळात डोकं घातलेल्या अस्वलालाही आपली चाहूल वेळेत लागते आणि ते आपण होऊन बाजूला होतं. वारुळाजवळ, बहाव्या-बोरीच्या जाळीत फूफू असा आवाज आला तर जागीच थांबायचं आणि आल्या वाटेने हळूहळू मागे फिरायचं. पळायचं नाही, अस्वल माणसापेक्षा वेगाने धावतं. ते अंगावर आलंच आणि सुटका नसेल तर पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं चेहऱ्याच्या बाजूंना. ते लांब गेल्याची खात्री होईपर्यंत उठायचं नाही. अनेक हल्ल्यांत पहिल्या झटक्यानंतर अस्वल निघून जातं, आणि लगेच उठलेल्या माणसावर ते परत फिरू शकतं.