चौघं वल्हवतात तरी बोट चौपट का पळत नाही?

भारताचा रोइंगपटू, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीतला खेळाडू, दत्तू भोकनळ याची दोन टायमिंग शेजारी ठेवून बघा. २०१६ चं रिओ ऑलिम्पिक, सिंगल स्कल्स म्हणजे बोटीत एकटाच, २००० मीटर, ६ मिनिटं ५४.९६ सेकंद, नंबर तेरावा. मग २०१८ चे एशियन गेम्स, तेवढंच अंतर, पण आता बोटीत सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंगही, ६ मिनिटं १७.१३ सेकंद आणि गोल्ड. माणसं चौपट झाली आणि वाचले जेमतेम ३८ सेकंद! वारा-पाणी दोन्हीकडे वेगळं होतं हे खरंय, पण मुख्य कारण पाण्यातच आहे.

वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी पॉवर आठपट. नुसता १० टक्के वेग वाढवायचा म्हटलं तरी ३३ टक्के जास्त पॉवर लागते, त्यात चौघांची बोट मोठी आणि जड, म्हणजे पाण्याला घासणारा भागही जास्त.

आणि हा जोर दंडातून येतो असं वाटतं ना, तर तो येतो मुख्यतः पायांतून. पाय बोटीत पक्के बांधलेले, सीट रुळांवर मागेपुढे सरकते, गुडघे छातीशी येतात, वल्ही पाण्यात पडतात आणि मग आधी पाय रेटायचे, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. उंच माणसाचा स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याचा एक फटका, लांब जातो, दत्तूची सहा फुटांवरची उंची इथे कामी आली. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा हा मुलगा, विहिरी खोदायचं काम केलेला, पाण्याची भीती वाटायची त्याला, आणि आर्मीत गेल्यावर वल्ही हातात आली. मला हे कितीदा वाचलं तरी भारी वाटतं.

त्या एशियन गेम्समध्ये सिंगलच्या फायनलला तो आजारी होता, शेवटचा आला. तापात हृदय आधीच जोरात धावत असतं, मग रेससाठी राखीव उरतं किती? तरी दुसऱ्याच दिवशी चौघांच्या बोटीत बसला.

तिथे तर आणखी अवघड, कारण माणसांचं वजन बोटीच्या कितीतरी पट, त्यामुळे स्ट्रोक संपवून परत सरकताना एकजण जरी घाईने आला तरी बोटीला ब्रेक लागल्यासारखा होतो. चौघांनी एका तालात, सावकाश सरकायचं, आणि गंमत म्हणजे बोट सगळ्यात वेगात असते ती याच क्षणी, वल्ही पाण्याबाहेर असताना.