पुराचे पाणी किती अडवायचे आणि कधी आत घ्यायचे

साडेतीन फूट रुंदीच्या दाराबाहेर दोन फूट पाणी उभे राहिले, की दारावर साधारण २०० किलोचा रेटा येतो. चार फूट झाले की ८००, सहा फूट झाले की १,८०० किलो. पाणी दुप्पट चढले की रेटा चौपट होतो, कारण खोलीबरोबर दाबही वाढतो आणि दाब सोसणारी जागाही. पुरापासून घर वाचवायचे सगळे गणित या आकड्यांत आहे. दोन-अडीच फुटांपर्यंत पाणी बाहेर ठेवता येते. तीन फुटांपुढे ते अडवायचा हट्ट धरला, तर पाण्याऐवजी भिंत आत येते.

विटांची भिंत वरून येणारे ओझे उत्तम पेलते, पण बाजूने ढकलले की लवकर तडकते. दहा फूट लांबीच्या भिंतीवर तीन फूट पाण्याचा रेटा सव्वा टनाच्या वर जातो. साडेचार इंची भिंत त्यासाठी बांधलेलीच नसते, आणि नऊ इंचीचाही भरवसा तिथपर्यंतच. शिवाय जमिनीतून झिरपलेले पाणी फरशीला खालून उचलते. चार इंची काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो असते. बाहेरची पातळी त्या थराच्या तळापेक्षा २४ सेंटीमीटर वर गेली आणि पाणी खालपर्यंत पोचले, की खालचा रेटा त्या वजनाइतका होतो. दार घट्ट बंद असलेल्या कोरड्या घरात फरशी फुगून फुटते ती यामुळे.

म्हणून पहिले काम म्हणजे आपल्या घराची पातळी समजून घेणे. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा आला की शंभर वर्षे निश्चिंती, असे नव्हे. दरवर्षी तशा पुराची शक्यता १ टक्का असते, आणि ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता होते २६ टक्के. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा ७० टक्क्यांवर जातो. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात नवे घर बांधायचे तर राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे. जुन्या घराला जोते सहसा उंचावता येत नाही. तिथे जवळच्या भिंतीवरची २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण शोधावी. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती पातळी आपल्या घरात आणावी आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर रेघ मारावी. पुढचे सगळे निर्णय त्या रेघेवरून घ्यायचे.

पूर कोणत्या जातीचा आहे, हेही महत्त्वाचे. सांगली-कोल्हापुरात पाणी हळूहळू चढते आणि दिवसेंदिवस मुक्काम करते. सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. इथे हाताशी वेळ असतो, पण विटा पूर्ण भिजतात. चिपळूण-महाडला उलट: २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचे पाणी काही तासांत चढले आणि बरोबर चिखलाचा लोंढा घेऊन आले. तिथे वाहत्या पाण्याचा धक्काही मोजावा लागतो. वेग तिप्पट झाला की धक्का नऊपट, आणि घराच्या कोपऱ्याशी पाया उकरला जातो. कृष्णाकाठच्या माणसाने दारासमोर पाणी आले तेव्हा पुलावर किती फूट होते, ते लिहून ठेवावे. पुढच्या वेळी पुलाच्या आकड्यावरून हाती किती तास आहेत ते कळते. चढत्या आणि उतरत्या पुरात नदीचा उतार सारखा नसतो, त्यामुळे अर्ध्या-एक फुटाचा फरक गृहीत धरावा.

दोन फुटांपर्यंतचे पाणी अडवायला दारात फळी हा वाळूच्या पोत्यांपेक्षा चांगला उपाय. चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना ‘यू’ आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पक्क्या कराव्यात. त्यात १९ मिलिमीटरचे मरीन प्लाय (पाण्यात टिकणारे प्लायवूड) बसवावे, आणि तळाला व कडांना रबराची पट्टी लावून बोल्टने दाबावे. फळी फसते ती बहुतेक वेळा उंबऱ्यापाशी: फरशी ओबडधोबड असली की रबराखालून पाणी शिरते. तेवढी पट्टी आधीच सिमेंटने सपाट करून घ्यावी. फळीची उंची दोन फुटांवर नेऊ नये. त्यावर पाणी गेले तर ते आत आलेलेच बरे. पोती वापरायचीच असतील तर दोन तृतीयांश भरावीत. गच्च भरलेले पोते एकमेकांत बसत नाही. विटांसारखा सांधा मोडत रचावीत, तळाची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवावी आणि पाण्याच्या बाजूला जाड प्लास्टिक अंथरून त्याची कड खालच्या थराखाली दाबावी.

दाराची एवढी तयारी करूनही बहुतेक घरांत पाणी आधी नहाणीतून येते. बाहेरची गटारे तुंबतात, पाणी उलटे फिरते आणि संडासातून वर येते. घरातून बाहेर जाणाऱ्या ११० मिलिमीटरच्या पाइपवर, बाहेरच्या चेंबरमध्ये, झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवावा. बाण गटाराच्या दिशेने हवा. केस, चिंध्या, प्लास्टिक अडकले की झडप अर्धी उघडी राहते, त्यामुळे दर मे महिन्यात झाकण उघडून ती साफ करायची. आणखी एक बारकावा प्लंबर हमखास विसरतो: वरच्या मजल्याचा पाइप व्हॉल्व्हच्या पुढे, गटाराच्या बाजूला, जोडला पाहिजे. तो मागे जोडला असेल, तर झडप बंद असताना वर कुणी अंघोळ केली की ते पाणी तळमजल्याच्या नहाणीतून बाहेर येते. व्हॉल्व्ह नसेल तर भोकावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले वाळूचे पोते ठेवावे. चार इंची भोकावर तीन फूट पाण्याचा रेटा जेमतेम सात-आठ किलोचा असतो. पंधरा किलोचे पोते तो रोखते.

पाणी तीन फुटांवर जाणार असेल तर ते आत घ्यावे, आणि घेतानाही व्यवस्थित घ्यावे. अमेरिकेत फेमा या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा नियम असा: दर चौरस फूट क्षेत्राला एक चौरस इंच उघडी जागा, किमान दोन वेगवेगळ्या भिंतींत, जमिनीपासून एका फुटाच्या आत. तो नियम राहत्या खोल्यांसाठी नसून पार्किंग, कोठार अशा तळमजल्यांसाठी आहे, पण हिशेब आपल्याला उपयोगी पडतो. दहा बाय बाराच्या खोलीला सहा बाय दहा इंचांची दोन भोके पुरतात. आत-बाहेर पातळी सारखी झाली की भिंतीवर रेटा उरत नाही. कंपाउंडच्या भिंतीलाही अशी भोके हवीतच. सलग भिंत सगळ्यात आधी आडवी होते.

रेघेच्या खाली काय ठेवायचे हे मग सोपे होते. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि पीओपी नको. कडाप्पा, स्टील, ॲल्युमिनियम चालते. विजेचा मीटर, एमसीबी आणि इन्व्हर्टर रेघेपेक्षा वर, वायरी छतावरून खाली आणलेल्या आणि तळमजल्याचे सर्किट वेगळे, म्हणजे खालची वीज तोडून वरची चालू ठेवता येते. रिकामी हजार लिटरची टाकी पाण्याखाली गेली की सुमारे एक टनाच्या बळाने वर उसळते. ती भरून, पट्ट्याने बांधून ठेवावी. सेप्टिक टँक पुराआधी उपसू नये, कारण तेच. भरलेला १४.२ किलोचा गॅस सिलिंडरसुद्धा तरंगतो: सगळे वजन तीस किलोच्या आसपास आणि बाजूला सारलेले पाणी ३३ किलोहून जास्त. रेग्युलेटर काढून टोपी लावावी आणि सिलिंडर साखळीने खिडकीच्या गजाला बांधावा.

पाणी ओसरताना घाई नुकसान करते. मातीच्या भिंती बऱ्याचदा पूर उतरल्यावर पडतात, कारण बाहेरचा आधार जातो आणि आतली माती भिजून जड झालेली असते. तळघर असेल तर एका वेळी फूटभर पाणी उपसावे, पातळीला खूण करून रात्रभर थांबावे. पाणी पुन्हा चढले तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे. पंपाचे इंजिन घराबाहेर ठेवावे, त्याचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. चिखल ओला असतानाच खराट्याने काढावा. वायरमनने मेगरने (वायरीचे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) वायरिंग तपासेपर्यंत मुख्य स्विच बंदच ठेवावा. रंगाची घाई करू नये. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव दिसले तर भिंत ओली आहे, आणि अशा भिंतीवर मारलेला रंग पुट्टीसकट सोलून निघतो. नऊ इंची भिंत वाळायला काही महिनेसुद्धा लागतात.