आवड, पगार आणि मधली काही वर्षं

करिअर मार्गदर्शनाचं शिबिर बेळगावात असो की निपाणीत, पडद्यावर एक आकृती हमखास येते. एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं: काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे मिळतात तिथे लिहिलेलं असतं ‘इकिगाई’, म्हणजे जगण्याचं कारण. जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचं हेच रहस्य, असं वक्ते सांगतात. मागच्या बाकावरचा डिप्लोमाचा मुलगा मोबाइलवर फोटो काढून घेतो आणि घरी जाऊन आणखीच अस्वस्थ होतो, कारण मधल्या जागेत भरायला त्याच्याकडे काहीच नसतं.

त्याने एवढं मनावर घेऊ नये. ही आकृती जपानची नाहीच. ती मुळात स्पेनच्या आंद्रेस झुझुनागा यांची. २०१४ मध्ये मार्क विन यांनी तिच्या मध्यभागी जपानी शब्द बसवला आणि ती जगभर फिरली. जपानमधलं खरं संशोधन याहून साधं आहे. ओसाकी भागातल्या ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना विचारलं गेलं, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? मग सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला. वय, आजार, धूम्रपान यांचा हिशेब धरूनही. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पक्के ठरत नाहीत, हे खरं. पण त्या प्रश्नात पगाराचा उल्लेख नव्हता, एवढं मात्र पक्कं. नातवंडं, परसबाग, वारी, काहीही चाललं असतं.

हा फरक बेळगावकडे लवकर पटावा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच, त्यामुळे आसपासच्या गावांत फौजी घरं पुष्कळ. जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. कमाईचा प्रश्न बराचसा सुटलेला, अंगात ताकद, आणि सकाळी उठून जायला ठिकाण नाही. अमेरिकेत पॅट्रिक हिल आणि निकोलस तुरियानो यांनी ६,००० हून अधिक प्रौढांच्या १४ वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला. आयुष्याला दिशा आहे असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि तरुण-म्हातारा, नोकरीतला-निवृत्त असा भेद त्यात फारसा दिसला नाही. म्हणजे उदरनिर्वाह आणि जगण्याचा हेतू या दोन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात. बेळगाव भागात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा लिहीत राहिले. घर चाललं ते शिकवण्यावर.

तरीही दोन्ही एकत्र यावं असं वाटतंच, आणि त्यात गैर काही नाही. अडचण पहिल्याच पायरीवर येते. आपली आवड कुठेतरी तयार पडून आहे, सापडली की झालं, अशी आपली समजूत असते. पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये नेमकी हीच समजूत तपासली. त्यांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक सोपा, रंजक व्हिडिओ दाखवला. बहुतेकांना तो आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड जन्मजात आणि ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. आवड वाढवता येते असं मानणारे तुलनेने टिकून राहिले. पहिल्या गटाचा तर्क साधारण असा असणार: खरी आवड असती तर इतकं जड गेलं नसतं.

आमच्या सीमाभागात या तर्काला आणखी एक फांदी फुटते. खानापूर तालुक्यातला मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकतो, डिप्लोमाला गेल्यावर पुस्तकं इंग्रजी आणि वर्गातली कुजबुज कन्नड. पहिल्या सहामाहीत त्याला काही कळत नाही. मग तो ठरवतो, मेकॅनिकल हे आपलं क्षेत्र नव्हे. खरं तर त्याला भाषा जड गेलेली असते, यंत्र नव्हे. हाच मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत उभा राहिला तर साचा कसा भरतात, वितळलेलं लोखंड ओतताना घाई का करायची नसते, हे तासभर डोळे न हलवता बघेल. निदान एक वर्ष तरी भाषेचा अडथळा आणि विषयाचा कंटाळा वेगळे मोजावेत, असं मला वाटतं.

सुझॅन हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर यांनी २००६ मध्ये आवड वाढण्याचे चार टप्पे मांडले. आधी प्रसंगाने लागलेली ठिणगी, मग परिस्थितीने टिकवून धरलेला रस, मग स्वतःहून प्रश्न पडू लागणं, आणि शेवटी मुरलेली आवड. यातला दुसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे माणूस एकटा पुरत नाही. शिकवणारा लागतो, हत्यारं लागतात, सोबत लागते. खानापुरात कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, तिथे चाकावर हात ठेवायला मिळालेल्या मुलीला माती आवडू शकते. कुंभारकामाचा व्हिडिओ घरी बसून पाहणारी चार दिवसांत दुसऱ्या व्हिडिओकडे वळेल. दोघींच्या स्वभावात फरक असेलच असं नाही.

आता पैसा. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात तेच रंगीत पेन ठेवले, तेव्हा बक्षिसाची बोली झालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. एडवर्ड डेसी यांनाही १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांवरच्या प्रयोगांत असंच आढळलं: कोडी सोडवण्याचे पैसे दिले की फुकट सोडवण्याची ओढ कमी होते, आणि मनापासून दाद दिली की वाढते.

यावरून ‘आवडीचा धंदा करू नये’ असा निष्कर्ष काढणारे असतात. तो घाईचा आहे. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे जो सिद्धान्त उभा केला, त्यानुसार माणसाला तीन गोष्टी लागतात: काम आपल्या मर्जीने केल्याची जाणीव, ते जमत असल्याची जाणीव आणि आपली माणसं. पैसा यांतलं काही हिरावून घेऊ लागला की कामातला रस आटतो. रुखवताच्या ऑर्डरी घेणारी शहापूरची एखादी ताई विचारा. ‘तुम्हाला सुचेल तसं करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती रात्री बारापर्यंत जागते. ‘हा फोटो बघा, अगदी असंच पाहिजे, परवा सकाळी’ म्हणणाऱ्यापायी तिचं डोकं दुखतं, मिळकत तीच असली तरी. म्हणून दर ठरवतानाच काय आपल्या हातात राहील हेही ठरवून घ्यावं.

उलट बाजूचा धोका कमी बोलला जातो. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत काम करणाऱ्यांचा अभ्यास केला. हेच आपलं जीवनकार्य असं मानणारे कामात जास्त अर्थ पाहत होते, आणि कमी पगार, जास्त श्रमही निमूट सोसत होते. व्यवस्थापन त्याचा फायदा घेऊ शकतं, हेही अभ्यासकांनी नोंदवलं. आपल्याकडे याचं चलन श्रीफळ आणि शाल. गाणाऱ्याला, कीर्तनकाराला, खासगी शाळेतल्या तळमळीच्या बाईंना ‘तुम्हाला आवड आहे की, पैशाचं काय एवढं’ हे ऐकावं लागतं. शाली विकून किराणा येत नाही.

मग उडी कधी मारायची? जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या उद्योजकांची आकडेवारी मांडली. नोकरी सांभाळून सुरुवात करून मग पूर्णवेळ झालेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, एकदम नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. नोकरीच्या आधाराने त्यांना धंदा आणि स्वतः, दोन्ही आजमावायला वेळ मिळाला होता.

समजा, उद्यमबागेत दुसऱ्या शिफ्टला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, चालवणारा कुणी सकाळी पडवीत हार्मोनियम दुरुस्त करतो. भजनी मंडळं गावोगाव आहेत, भाते फाटतात, सूर बसतात, गिऱ्हाईक आहे. सुरुवातीची पेटी स्वतःच्या गावच्या मंडळाची येईल आणि ‘आपलाच आहेस की’ म्हणत निम्मे पैसे देऊन जाईल. त्यावरून धंद्याचा अंदाज करू नये. ओळख नसलेलं दुसऱ्या तालुक्यातलं मंडळ पूर्ण दर देऊन दुसऱ्यांदा येतं का, आषाढी आणि गणपती सोडून उरलेल्या महिन्यांत काय मिळतं, आणि विसावी पेटी उघडताना हात अजून उत्सुक असतो का, हे वहीत मांडावं. वर्षाची ही कमाई पगाराच्या निम्म्यावर गेली की राजीनाम्याचा विचार करावा, असा माझा अंदाज. याला संशोधनाचा आधार नाही. तोवर दुसरीच शिफ्ट मागून घ्यावी, सकाळ मोकळी राहते.