काइजू चित्रपट

काइजू चित्रपट : शहरावर चालून येणाऱ्या अवाढव्य पशूंभोवती गुंफलेला जपानी चित्रपटप्रकार. ‘काइजू’ म्हणजे विचित्र, अनोळखी पशू. तोहो कंपनीने ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित केलेल्या ‘गोजिरा’पासून या प्रकाराची सुरुवात धरतात, १९७५ पर्यंतचा काळ हा त्याचा अभिजात काळ. बाहेरच्या जगात हाच पशू ‘गॉडझिला’ झाला. मूळ नाव ‘गोरिरा’ (गोरिला) आणि ‘कुजिरा’ (देवमासा) या शब्दांच्या जोडणीतून आले आहे. मराठी कानाला मात्र ‘गोजिरा’ म्हटले की तान्हे मूल आठवते. हा निव्वळ योगायोग. तरी या पशूवर जीव लावून बसलेल्यांना तो फारसा परका वाटणार नाही. भीती दाखवता दाखवता कणव जागी करणे, ही या चित्रपटांची मोठी ताकद आहे.

‘गोजिरा’मागची घटना त्याच वर्षीची होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जपानच्या याइझू बंदरातून ट्यूना मासे पकडायला गेलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या बोटीवर पांढऱ्या राखेचा पाऊस पडला. तिच्यावरचे २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांपैकी एकाचा सप्टेंबरात मृत्यू झाला. चित्रपट सुरू होतो तोही अशाच एका बोटीवर. डेकवर खलाशी गिटार आणि माउथऑर्गन वाजवत बसले आहेत. अचानक समुद्रातून डोळे दिपवणारा उजेड येतो आणि बोट पेट घेते. १९५४ सालच्या प्रेक्षकाला हा उजेड कसला, हे सांगावे लागत नव्हते. पुढे लोकलमध्ये बसलेली एक तरुणी गप्पांच्या ओघात बोलून जाते की किरणोत्सर्गी मासे झाले, पाऊस झाला, आता हा गोजिरा. नागासाकीतून जीव वाचवून आले ती यासाठी का? रोजच्या प्रवासात महागाईबद्दल कुरकुर करावी, तशा सुरात ती हे बोलते.

दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धात सैनिक होते आणि मायदेशी परतताना त्यांनी बेचिराख हिरोशिमा पाहिले होते. मार्च १९४५ मधील हवाई हल्ल्यात टोकियोत एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे जळून मेली, त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. म्हणून पडद्यावर जळणारे टोकियो कल्पनेतले वाटत नाही. गिंझा भागात एका इमारतीच्या आडोशाला एक आई मुलांना कवटाळून बसली आहे. आता आपण बाबांकडे जाणार, असे ती त्यांना समजावते. हल्ल्यानंतरच्या दवाखान्यात एक शास्त्रज्ञ लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र धरतो आणि काही न बोलता फक्त मान हलवतो. राक्षसाच्या सिनेमात जखमींच्या रांगेपाशी इतका वेळ थांबण्याची गरज नव्हती. होंडा थांबले, आणि तिथेच हा चित्रपट इतरांहून वेगळा झाला.

पशू स्वतः दुष्ट नाही. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राचीन जीवाला बॉम्बच्या चाचण्यांनी घराबाहेर काढले आहे. चित्रपटातले शास्त्रज्ञ प्राध्यापक यामाने यांना त्याला मारण्याऐवजी इतका किरणोत्सर्ग सोसून तो जगला कसा, हे जाणून घ्यायचे आहे. शेवटी तो मरतो तेव्हा पाण्याबाहेर येऊन एकदा ओरडतो आणि बुडतो. सुटकेचा निःश्वास टाकतानाच मन खिन्न होते.

विशेष दृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांच्याकडे होती. ‘किंग काँग’सारखी बाहुली एकेका चौकटीत तसूतसूने हलवून चित्रण करायचे तर त्याला ना वेळ होता ना पैसा. म्हणून रबरी पोशाखात माणूस उभा केला. पहिल्या पोशाखाचे वजन १०० किलोच्या घरात होते आणि तो घालून चार पावले टाकणेही अवघड. आत असलेले हारुओ नाकाजिमा दिव्यांच्या उष्णतेने घामाने निथळत. भूमिकेसाठी ते उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलांची चाल पाहत बसले होते. त्या पावलांत जनावराचा जडपणा आहे तो तिथून आलेला. १९७२ पर्यंत बारा चित्रपटांत तेच गोजिरा होते.

शहर साधारण १:२५ प्रमाणात उभारले होते. पशूची उंची ५० मीटर ठरवली, कारण टोकियोतील इमारतींवर तेव्हा सुमारे ३१ मीटरची कायदेशीर मर्यादा होती. त्यामुळे सेटवरची उंचात उंच इमारत सव्वा मीटरच्या आसपास भरते आणि पोशाखातला माणूस तिच्यावरून सहज पाहू शकतो. विजेचे मनोरे मेणाचे केले होते. ते खरोखर वितळून वाकतात. चित्रण जास्त वेगाने करून पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवले की ढासळणाऱ्या भिंतीला वजन येते, आणि हे वजन म्हणजेच या चित्रपटांचा जीव. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासची तार सैल केली, राळ लावलेला चामडी हातमोजा तिच्यावरून ओढला आणि त्या ध्वनीतून प्रसिद्ध डरकाळी घडवली. त्या आवाजात राग आहे तितकेच रडणेही आहे.

पोशाख दिसतो, धागे दिसतात, मोटारी खेळण्यातल्या आहेत हे कळते. परदेशात यावरून फार टिंगल झाली. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत तर नवी दृश्ये घालून बॉम्बचा संदर्भही बराचसा पुसला गेला. पण बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यात बाहुल्या चालवणारे रंगमंचावर समोर उभे असतात आणि तरीही प्रेक्षक बाहुलीसाठी रडतो. काइजू चित्रपट पाहण्याची रीत त्याच जातीची आहे. हाताने घडवलेली वस्तू डोळ्यांदेखत मोडते, याचा आनंद आणि चुटपुट दोन्ही त्यात असतात.

पुढच्या चित्रपटांत सूर बदलत गेला. १९६१ च्या ‘मोथ्रा’त एका बेटावरच्या दोन इवल्याशा जुळ्या बहिणींना पैशांसाठी पळवून आणले जाते. त्यांना सोडवायला आलेली प्रचंड अळी मोडलेल्या टोकियो टॉवरवर कोष विणते आणि त्यातून पतंग बनून बाहेर पडते. न्याय सरळसरळ तिच्या बाजूचा आहे. १९६२ मध्ये गोजिरा आणि किंग काँग यांची झुंज लागली. १९६५ साली दाइएइ कंपनीचे ‘गामेरा’ हे कासव आले आणि पुढे ते मुलांचे मित्र बनले. त्सुबुराया यांच्या कंपनीची ‘अल्ट्रामॅन’ मालिका १९६६ पासून दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि काइजू दर आठवड्याला घराघरांत येऊ लागले. १९७१ च्या ‘हेदोरा’ चित्रपटातला पशू प्रदूषणाच्या गाळावर पोसलेला आहे. कारखान्यांच्या प्रदूषणाने माणसे आजारी पडलेल्या मिनामाता आणि योक्काइची या जपानी शहरांची दुखणी तेव्हा ताजी होती. अभिजात काळातला शेवटचा गोजिरापट १९७५ चा.

त्यानंतरही गोजिरा वेळोवेळी परतला. २०२३ च्या ‘गोजिरा मायनस वन’ला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळाले. त्याआधी २०१६ च्या ‘शिन गोजिरा’त पशू संगणकावर घडवला होता, पण त्याच्या हालचाली क्योगेन या पारंपरिक विनोदी नाट्यातले नट मानसाइ नोमुरा यांच्या अंगावरून टिपलेल्या होत्या.